तेज किती आणि वजन किती? क्ष-किरणांचे उद्रेक आणि मधल्या वजनाची कृष्णविवरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत आकाशदर्शनाच्या रात्री, शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांनंतर, कधी रंकाळ्यावर चहा घेता घेतासुद्धा हे प्रश्न मला परत परत विचारले जातात. कृष्णविवरांबद्दल लोकांना मनापासून कुतूहल आहे, पण मराठीत त्यावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा 'महाकाय' आणि 'रहस्यमय' या दोन शब्दांपाशीच थांबतं. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. आकडे सोडलेले नाहीत. ज्याला बेरीज-भागाकार येतो त्याला ते समजतील.

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणता, मग क्ष-किरण येतात कुठून?

कृष्णविवरातून येत नाहीत, त्याच्या बाहेरून येतात. शेजारच्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो तेव्हा तो सरळ आत पडत नाही. त्याला आधीचा वेग असतो, म्हणून तो भोवती फिरत राहतो आणि त्याची एक तबकडी तयार होते. या तबकडीतले आतले थर वेगाने फिरतात, बाहेरचे सावकाश. थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि वायू हळूहळू आत सरकतो. आख घासून तापावा तसंच, पण इथे तापमान लाखो अंशांवर जातं. इतका तापलेला वायू क्ष-किरणांत चमकतो.

ऊर्जा किती निघते ते लक्षात घ्या. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो, आणि तेवढ्यावर सूर्य अब्जावधी वर्षं चालतो. कृष्णविवराच्या तबकडीत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. विश्वात पदार्थातून ऊर्जा काढण्याचे याहून चांगले मार्ग फार थोडे आहेत.

'मधल्या वजनाचं' म्हणजे नेमकं किती?

साधारण १०० ते १ लाख सूर्यांएवढं. त्याखाली मोठे तारे मेल्यावर बनलेली कृष्णविवरं आहेत. राजहंस तारकासमूहातलं सिग्नस एक्स-१ सुमारे २१ सूर्यांचं आहे. वरच्या टोकाला दीर्घिकांच्या केंद्रातले राक्षस आहेत. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं सुमारे ४३ लाख सूर्यांचं, तर एम८७ दीर्घिकेतलं साडेसहाशे कोटी सूर्यांचं. दोन्ही टोकांचे पुरावे भरपूर आहेत. मधली जागा मात्र बराच काळ जवळजवळ रिकामी होती.

आकाराचा अंदाज हवा असेल तर एक सोपा हिशोब आहे: दर एका सूर्यामागे ३ किलोमीटर त्रिज्या. १० सूर्यांच्या कृष्णविवराची त्रिज्या ३० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून इचलकरंजीपर्यंत. २० हजार सूर्यांचं घेतलं तर ६० हजार किलोमीटर. गुरू ग्रहापेक्षा किंचित लहान असा गोळा, आणि वजन २० हजार सूर्यांचं.

उद्रेक, म्हणजे क्ष-किरणांचं तेज एकदम वाढणं, कशामुळे होतो? वायू तर सतत पडत असेल ना?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर कोल्हापूरकराला अर्धं आधीच माहीत असतं.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी साठत राहतं, बाहेर काही दिसत नाही. पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की दरवाजे आपोआप उघडतात आणि भोगावतीत एकदम विसर्ग सुरू होतो. पाऊस त्या मिनिटाला वाढलेला नसतो. वाढलेला असतो तो आधीचा साठा.

तबकडीतही असंच घडू शकतं. बाहेरच्या भागात वायू थंड असतो, हायड्रोजनचे अणू अखंड असतात आणि घर्षण कमी असतं, त्यामुळे वायू आत न सरकता साठत जातो. साठा वाढला की तापमानही वाढतं. ते काही हजार अंशांच्या पुढे गेलं की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटू लागतात, प्रकाश आतच अडकतो, तापमान आणखी वाढतं, घर्षण एकदम वाढतं आणि साठलेला वायू लोंढ्यासारखा आत धावतो. हा झाला 'दरवाजे उघडण्याचा' प्रकार.

दुसरा प्रकार अंबाबाईच्या किरणोत्सवासारखा आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात. तिथे साठण्याचा प्रश्न नाही. पृथ्वी कक्षेत त्या ठिकाणी आली की ते घडतं. तसाच एखादा तारा कृष्णविवराभोवती लांबट कक्षेत फिरत असेल, तर तो जवळच्या टोकाला आला की प्रत्येक वेळी त्याचा थोडा वायू ओरबाडला जातो आणि उद्रेक होतो.

दोन्हींतला फरक तपासता येतो. किरणोत्सव तारखेला बांधलेला, दरवाजे साठ्याला बांधलेले. म्हणून खगोलशास्त्रज्ञ एका उद्रेकावर थांबत नाहीत, पुढच्याची वाट पाहतात.

आजवरचं सर्वांत भक्कम उदाहरण कोणतं?

माझ्या मते एचएलएक्स-१. फिनिक्स तारकासमूहात ईएसओ २४३-४९ नावाची दीर्घिका आहे, सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवर. तिच्या केंद्रापासून बाजूला एक क्ष-किरण स्रोत आहे. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाने तो २००४ च्या नोव्हेंबरमध्ये टिपला होता, पण त्याचं महत्त्व नंतर उमगलं. २००९ मध्ये शॉन फॅरेल आणि सहकाऱ्यांनी त्यावर 'नेचर'मध्ये निबंध लिहिला. या स्रोताचं सर्वोच्च क्ष-किरण तेज सूर्याच्या एकूण तेजाच्या जवळपास ३० कोटी पट निघालं. केंद्राबाहेरच्या एका बिंदूतून येणारं एवढं तेज त्याआधी कुणी नोंदलेलं नव्हतं.

त्यानंतर स्विफ्ट उपग्रहाने त्याच्यावर सतत नजर ठेवली. २००९, २०१०, २०११, २०१२: साधारण वर्षाच्या अंतराने उद्रेक. प्रत्येक वेळी तेज काही दिवसांत झपकन वर चढायचं आणि मग महिनोन्‌महिने ओसरत राहायचं. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ज्यांनी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात तासातासाला पाहिली आहे त्यांना हा आलेख ओळखीचा वाटेल. चढताना घाई, उतरताना अजिबात नाही.

ऐन भरात असताना हे कृष्णविवर किती गिळत असेल? ऊर्जेचं प्रमाण १० टक्के धरलं तर दर पाच-सहा दिवसांना एका पृथ्वीएवढा पदार्थ.

तेजावरून वजन कसं काढतात?

आत पडणाऱ्या वायूला गुरुत्वाकर्षण ओढतं आणि बाहेर निघणारा प्रकाश त्याच वायूला ढकलतो. तेज फार वाढलं तर प्रकाशाचा दाब जिंकतो आणि वायू पडायचा थांबतो. म्हणजे ठरावीक वजनाच्या वस्तूला तेजाची एक कमाल मर्यादा असते. आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने ती ओळखली जाते. दर एका सूर्याएवढ्या वजनामागे ही मर्यादा सूर्याच्या तेजाच्या सुमारे ३२ हजार पट येते.

आता भागाकार करा. ३० कोटी भागिले ३२ हजार, उत्तर सुमारे ९ हजार. म्हणजे एचएलएक्स-१ ही मर्यादा पाळत असेल तर ते किमान ९ हजार सूर्यांचं हवं. फॅरेल यांच्या गटाने मात्र सावधपणे हिशोब केला. मर्यादा दहा पटींनी ओलांडली असेल असं धरूनही वजन ५०० सूर्यांच्या खाली जात नाही, एवढंच त्यांनी ठामपणे सांगितलं. मला ही सावधगिरी फार मोलाची वाटते. आकडा मोठा करून सांगायचा मोह तिथे नक्कीच होता.

मग यात अडचण कुठे आहे?

अडचण अशी की मर्यादा ओलांडता येते. आणि कधीकधी दहा पटींनी नाही, शेकडो पटींनी.

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. सप्तर्षींच्या दिशेला एम८२ नावाची दीर्घिका आहे, १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. २१ जानेवारी २०१४ ला लंडनच्या एका विद्यापीठाच्या वेधशाळेत शिक्षक विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवत होते. आभाळ भरून येत होतं म्हणून त्यांनी घाईने चमकदार अशी एम८२ लावली, आणि त्यांना तिथे एक नवा तारा दिसला. तो होता एसएन २०१४जे हा अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन भडकलेला तारा, कित्येक दशकांतला आपल्याला सर्वांत जवळच्यांपैकी एक. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नासाचा नूस्टार उपग्रहही वळला.

त्याच दीर्घिकेत एम८२ एक्स-२ नावाचा एक अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत होता. तेज सूर्याच्या सुमारे १ कोटी पट. वरचा भागाकार केला तर शेकडो सूर्यांचं कृष्णविवर! पण नूस्टारच्या नोंदी तपासताना मातेओ बाकेत्ती आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की हा स्रोत दर १.३७ सेकंदाला धडधडतो आहे. इतकी नेमकी धडधड कृष्णविवर करू शकत नाही. त्याला पृष्ठभागच नसतो. ती फिरत्या, चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याची, म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेल्या अतिघट्ट गोळ्याची खूण. म्हणजे ज्याला शेकडो सूर्यांचं समजता आलं असतं, तो दीड सूर्याच्या आसपासचा, गावाएवढा गोळा निघाला, आणि तो आपल्या मर्यादेच्या सुमारे शंभर पट तेजाने चमकत होता. पुढे एनजीसी ५९०७ दीर्घिकेत याहूनही तेजस्वी असा न्यूट्रॉन तारा सापडला.

हे कसं शक्य होतं? तीव्र चुंबकीय क्षेत्र वायूला ध्रुवांकडे वळवतं, प्रकाशाला बाजूने निसटायला वाट मिळते. शिवाय जाड तबकडीच्या नरसाळ्यातून प्रकाश एका दिशेला एकवटला आणि ती दिशा नेमकी आपली असली, तर तेज आहे त्याहून कितीतरी जास्त वाटतं.

पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोका रेषा ओलांडते तेव्हा पाणी किती येतंय ते कळतं. त्यावरून वरचं धरण केवढं आहे हे सांगता येत नाही. तेज म्हणजे आत किती पडतंय त्याचा हिशोब. वजन ही वेगळी गोष्ट, आणि तिला वेगळा पुरावा लागतो.

तो वेगळा पुरावा कोणता?

पहिला, तबकडीचं तापमान. कृष्णविवर जितकं जड, तितकी तबकडीची आतली कड मोठ्या परिघाची, आणि उष्णता मोठ्या जागेवर पसरल्यामुळे तापमान कमी. तारकीय, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांपासून बनलेल्या कृष्णविवरांच्या तबकड्या भरात असताना १ कोटी अंशांच्या आसपास जातात. एचएलएक्स-१ ची साधारण २० ते २५ लाख अंशांची आहे. त्यावरून वजन हजारो ते लाखभर सूर्यांच्या पट्ट्यात येतं, आणि २० हजारांच्या आसपासचा आकडा बरेचदा दिला जातो.

दुसरा पुरावा वागणुकीचा. आपल्या आकाशगंगेतली तारकीय कृष्णविवरं उद्रेकाच्या वेळी एक ठरलेला क्रम पाळतात: आधी जास्त ऊर्जेचे क्ष-किरण, मग तबकडीचे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण, आणि या बदलाच्या सुमारास रेडिओ लहरींचा भडका, म्हणजे पदार्थाचा झोत बाहेर फेकला जातो. एचएलएक्स-१ ने हाच क्रम दाखवला. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने असे भडके टिपले आणि नताली वेब यांच्या गटाने २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये ते मांडले. त्यांच्या हिशोबाने वजन ९ हजार ते ९० हजार सूर्यांच्या दरम्यान पडतं. तेज, तापमान आणि वागणूक अशा तीन वेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर एकाच मुलखात येतं, म्हणून मी या स्रोताला भक्कम म्हणतो.

तिसरा पुरावा लयीचा आहे, आणि त्यासाठी पुन्हा एम८२ कडे यावं लागतं. तिथल्याच एम८२ एक्स-१ या शेजारच्या स्रोताच्या तेजात धीरज पाशम, टॉड स्ट्रोमेयर आणि रिचर्ड मुशोत्स्की यांना सेकंदाला ३.३ आणि ५.१ वेळा होणारी थरथर सापडली. या दोन आकड्यांचं गुणोत्तर ३ : २. तारकीय कृष्णविवरांतही ३ : २ ची अशी जोडी दिसते, फक्त तिथे थरथर सेकंदाला शेकडो वेळा होते. जितकं जड, तितकी लय संथ, हे नातं धरून त्यांनी २०१४ मध्ये सुमारे ४०० सूर्यांचं वजन काढलं, शंभरेक इकडेतिकडे. पाशम यांनी यासाठी नवी निरीक्षणं घेतली नव्हती. आरएक्सटीई या निवृत्त उपग्रहाच्या अनेक वर्षांच्या जुन्या नोंदींतून ही लय त्यांनी वेचून काढली.

एकाच दीर्घिकेत, जवळजवळचे दोन स्रोत. एक न्यूट्रॉन तारा निघाला, दुसरा बहुधा मधल्या वजनाचं कृष्णविवर. नुसत्या तेजावर कुणाला हे वेगळं करता आलं असतं?

एचएलएक्स-१ आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी जवळचं नसेल कशावरून?

रास्त शंका आहे, आणि ती शास्त्रज्ञांनीही घेतली होती. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २०१० मध्ये त्या स्रोताच्या प्रकाशातली हायड्रोजनची रेषा पकडली. दीर्घिका जितकी दूर, तितकी ही रेषा लाल बाजूला जास्त सरकते. ती जेवढी सरकलेली होती, तेवढंच सरकणं ईएसओ २४३-४९ च्या प्रकाशात आहे. म्हणजे स्रोत त्याच दीर्घिकेतला. हबल दुर्बिणीला तिथे एक लहान तारकागुच्छही दिसला. एखादी छोटी दीर्घिका मोठीत विरघळून गेली आणि तिचं केंद्र, कृष्णविवरासकट, मागे उरलं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

त्याचे उद्रेक वर्षाच्या वर्षाला होत होते, तर ते अजून तसेच होतात का?

नाही, आणि इथेच गोष्ट रंगते. २०१३ चा उद्रेक नेहमीची वेळ उलटली तरी आला नाही. तो ऑक्टोबरमध्ये आला. त्यानंतरचा थेट २०१५ च्या जानेवारीत. पुढे अंतर आणखी वाढलं.

आधी किरणोत्सवासारखं वाटणारं वेळापत्रक असं बिघडलं. लांबट कक्षेतल्या ताऱ्याची कल्पना मांडणाऱ्यांनी त्यावर एक शक्यता सांगितली: प्रत्येक फेरीत ताऱ्याचा थोडा पदार्थ जातो, कक्षा बदलते, आणि तो हळूहळू दूर फेकला जात असेल. नुसत्या साठ्याच्या दरवाज्यांनीही हे उद्रेक नीट समजत नाहीत, कारण एवढ्या मोठ्या तबकडीतला साठा रिकामा व्हायला जास्त वेळ लागायला हवा. दोन्ही नमुने अपुरे पडतात. मला वाटतं, खरं उत्तर दोन्हींच्या मिश्रणात असेल, पण हे माझं मत झालं.

मिनिटभरात भडकणारे स्रोत आहेत असं ऐकलं. ते काय प्रकरण?

२०१६ मध्ये जिमी अर्विन आणि सहकाऱ्यांनी नासाची चंद्रा क्ष-किरण वेधशाळा आणि एक्सएमएम-न्यूटन यांच्या जुन्या नोंदी पिंजून काढल्या. त्यांना दोन स्रोत मिळाले, एक एनजीसी ४६३६ जवळ, दुसरा एनजीसी ५१२८ म्हणजे नरतुरंगातल्या सेंटॉरस ए दीर्घिकेजवळ. दोन्ही गोलाकार तारकागुच्छ किंवा अतिघट्ट बटू दीर्घिकेसारख्या वस्तूंमध्ये. तेज मिनिटभराच्या आत शंभर पटींच्या घरात वाढतं आणि सुमारे तासाभरात ओसरतं. सेंटॉरस ए मधला स्रोत तर पाच वेळा भडकलेला सापडला.

मिनिटभर या शब्दाला वजन आहे. प्रकाश मिनिटाला १ कोटी ८० लाख किलोमीटर जातो. जी वस्तू मिनिटात उजळते तिचा उजळणारा भाग याहून फार मोठा असू शकत नाही. सूर्यापासून बुधापर्यंतच्या अंतराचा तिसरा हिस्सा समजा. न्यूट्रॉन ताऱ्यावरचे नेहमीचे स्फोट इतके तेजस्वी नसतात. आणि भडका ओसरल्यावर वायू पुरवणारा शेजारचा तारा जागेवर शाबूत, म्हणजे तारा फुटलाही नाही. मधल्या वजनाचं कृष्णविवर ही एक शक्यता, आपल्याकडे रोखलेला झोत ही दुसरी. मी इथे 'शक्य' या शब्दापुढे जाणार नाही.

कृष्णविवर अख्खा तारा गिळतं तेव्हा?

तेव्हा उद्रेक एकदाच होतो आणि फार रेंगाळतो. ७० कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेच्या कडेच्या तारकागुच्छात असा उद्रेक सापडला. दाचेंग लिन यांच्या गटाने २०१८ मध्ये तो मांडला. क्ष-किरण दशकभर मंदावत होते आणि त्यांचा रंगही फाटलेल्या ताऱ्याच्या हिशोबाप्रमाणे बदलत होता. वजन सुमारे ५० हजार सूर्य. हबलने नंतर खात्री करून दिली की तो तारकागुच्छच आहे, मागची एखादी दूरची दीर्घिका नव्हे. एचएलएक्स-१ नंतर मी याच स्रोताचं नाव घेईन.

उद्रेकच झाला नाही तर कृष्णविवर कळणारच नाही?

कळू शकतं, ताऱ्यांच्या वेगावरून. नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या प्रचंड तारकागुच्छाची हबलने २० वर्षांत घेतलेली ५०० हून अधिक छायाचित्रं तपासून २०२४ मध्ये सात तारे शोधले गेले. गुच्छाच्या केंद्राजवळ असूनही ते इतके वेगवान आहेत की त्यांनी केव्हाच निसटून जायला हवं होतं. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांचं कृष्णविवर हवं. अंतर फक्त १८ हजार प्रकाशवर्षं. तरी तिथून क्ष-किरणांचा मागमूस नाही. वजन आहे, अन्न नाही. सगळ्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. लहान कृष्णविवरांचा घोळकाही असं करू शकेल असं म्हणणारे आहेत.

गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड वस्तू एकमेकींवर आदळताना अवकाशात उठणारे तरंग, हा आणखी एक मार्ग. २१ मे २०१९ ला टिपलेल्या लहरींवरून दोन कृष्णविवरं एकत्र येऊन १४२ सूर्यांच्या आसपासचं एक झाल्याचं कळलं. मधल्या पट्ट्याच्या अगदी खालच्या पायरीवर का होईना, पण पक्कं.

पृथ्वीला यांचा धोका?

नाही. वर सांगितलेल्यांतला सर्वांत जवळचा उमेदवारही १८ हजार प्रकाशवर्षांवर आहे.

एवढा जीव टाकून यांना शोधायचं कशासाठी?

कारण मोठ्यांचा जन्म कसा झाला हे अजून उमगलेलं नाही. विश्व ६७ कोटी वर्षांचं असताना, म्हणजे त्याच्या अगदी बालपणी, १६० कोटी सूर्यांचं कृष्णविवर असलेला क्वेसार, म्हणजे दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र, २०२१ मध्ये सापडला. १०-२० सूर्यांपासून सुरुवात करून एडिंग्टन मर्यादा पाळत तिथवर पोहोचायला वेळच पुरत नाही. एकतर सुरुवातच हजारो सूर्यांच्या बियाण्यापासून झाली असेल, नाहीतर लहानांनी मर्यादा मोडून खाल्लं असेल. ऊस बघून कांडी कुठली लावली होती ते सांगता येतं, पण त्यासाठी शेतात न उगवलेली एखादी कांडी हाताला लागावी लागते. तारकागुच्छांत राहून गेलेली ही मधली कृष्णविवरं म्हणजे तशा कांड्या.

कोल्हापुरात क्ष-किरण दुर्बीण बसवता येईल का? आणि भारताचं यात काही काम?

जमिनीवरून हे किरण दिसत नाहीत. वातावरण ते शोषून घेतं, आणि आपण जगतो तेही त्यामुळेच. म्हणून उपग्रह लागतात. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून सुटलेला ॲस्ट्रोसॅट एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणांत पाहण्यासाठी बनवला. त्यावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवली, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही या मोहिमेत मोठा वाटा आहे. १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट गेला, तो क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, मोजतो. नासाची चंद्रा वेधशाळा तर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याच नावाने १९९९ पासून फिरते आहे.

एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना मी आवर्जून सांगतो: या उपग्रहांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. ॲस्ट्रोसॅटच्याही. अर्विन यांचे भडके आणि पाशम यांची लय, दोन्ही अशा जुन्या नोंदींतच पडून होती. एक बरा लॅपटॉप, पायथॉन आणि चिकाटी एवढं असेल तर हे काम राजारामपुरीतल्या खोलीतूनही होतं. अतितेजस्वी स्रोतांच्या यादीतला एखादा निवडा आणि त्याचा तेजाचा आलेख स्वतः काढा. पहिला आलेख काढायला महिना लागेल. लागू द्या.

यातलं काही डोळ्यांनी दिसेल का?

कृष्णविवर नाही, पण त्यांची घरं दिसतील. कोल्हापूर दक्षिणेकडे असण्याचा इथे फायदा आहे. दिल्लीकरांना क्षितिजाच्या धुरळ्यात शोधावं लागतं ते आपल्याला बऱ्यापैकी वर दिसतं.

मे महिन्याच्या मध्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास, शहराच्या उजेडापासून दूर जा. मसाई पठार किंवा गगनबावड्याची बाजू चांगली. दक्षिणेला तोंड करा आणि उंचावर चित्रा तारा शोधा. तिथून सरळ खाली, हात लांब करून धरलेल्या साडेतीन मुठी उतरा. क्षितिजापासून अडीच मुठींवर एक धूसर, पुसट तारा दिसेल. तोच ओमेगा सेंटॉरी. द्विनेत्रीतून पाहिलात तर तो तारा नाही, कापसाचा गोळा आहे हे लगेच कळेल. त्याच्या अर्ध्या मुठीएवढं वर, त्याच रेषेत सेंटॉरस ए आहे, पाच वेळा भडकलेला तो स्रोत जिच्याजवळ आहे ती दीर्घिका. तिच्यासाठी अंधार चांगला हवा.

मग पाठ फिरवून उत्तरेला सप्तर्षी पाहा. चौकोनातल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरपी रेषा ओढा आणि तेवढीच पुढे न्या. तीन-चार इंची दुर्बिणीत तिथे एक लहानशी सरळ रेघ दिसेल, तिच्या शेजारी गोलसर एम८१. ती रेघ म्हणजे एम८२. मे महिन्यात ती रात्री लवकर पाहून घ्या, कारण मध्यरात्रीकडे ती उत्तर-वायव्येला खाली उतरते.